चादरींवरची नदी

नमिताच्या सासूबाई मे महिन्यात नाशिकहून दोह्याला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत मेतकूट, डिंक, कुळथाचं पीठ आणि मुरलेलं लिंबाचं लोणचं तर होतंच, पण सगळ्यात तळाशी, साड्यांच्या घडीत, ब्रशांची एक गुंडाळीही होती. नयनाताईंची सगळी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली होती. सून अंथरुणात, मुलगा भल्या पहाटे रास लफानच्या गॅस प्लँटच्या बसने जाणारा तो दिवेलागणीला घरात उगवणारा, आणि बाहेर ऊन असं की खिडकीच्या काचेला हात लावायची सोय नाही. अशा घरात स्वयंपाक उरकल्यावर आपण करायचं काय, याचा विचार त्यांनी नाशकातच करून ठेवला होता. रिकामं बसणं हा त्यांच्या मते एक आजार होता आणि तो त्यांना कधी झाला नव्हता.

नमिता अंथरुणात होती ती डॉक्टरांच्या हुकमाने. चौथ्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागला आणि मग सांगण्यात आलं, की न्हाणीघरात जाण्यापुरतं उठायचं, बाकी आडवं पडायचं. एका कंत्राटदार कंपनीत ड्रॉइंग्जचा सगळा कारभार एकहाती सांभाळणारी, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप न मिटणारी बाई ती. पण ही आज्ञा तिने एकदाही मोडली नाही. दोह्याच्या अल अझीझिया भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बेडरूममध्ये ती डाव्या कुशीवर पडून राही आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत दिवस ढकली.

त्या घरात काही शब्द उच्चारायचे नाहीत असा नियम होता. बाळ म्हणायचं नाही. पाळणा, झबली, नावं, बारसं यांतलं काही काढायचं नाही. तिच्या नवऱ्याला, गंधारला, प्लँटवरून फोन करून चौकशी करायची असली, तर तो "सगळं नॉर्मल ना?" एवढंच विचारी, जणू घरात नवा कॉम्प्रेसर बसवलाय. नियम नमिताचा होता आणि त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी ती अशीच सातव्यात असताना नयनाताईंनी नाशिकला तिचं डोहाळजेवण केलं होतं. आणि केलं म्हणजे काय, दणक्यात केलं. अंगणातल्या झोपाळ्यावर बसवून झोपाळ्यातलं डोहाळजेवण. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य, पाच पक्वान्नं, आणि जेवून गेलेल्या बायका किती त्याचा पत्ताच नाही. नमिता त्या दिवशी इतकी हसली होती की संध्याकाळी तिचे गाल दुखायला लागले. त्यानंतर महिना काही पुरता उलटला नाही. बाळ पोटातच गेलं.

डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं, ते इंग्रजीत होतं. बायकांनीही कारण सांगितलं, ते 'दृष्ट' एवढंच होतं. नमिता इंजिनीयर, तिचा दृष्टीबिष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नाही म्हणून भीती वाटायची थांबते थोडीच. तिने तो सगळा दिवसच मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. आपण फार मिरवलं, फार हसलो, म्हणून गेलं. या वेळी तिने पहिल्याच महिन्यात गंधारला बजावलं, की डोहाळजेवण नाही, ओटी नाही, काही म्हणजे काही नाही, आणि आईंना हे तूच सांगायचं. त्याने सांगितलं. नयनाताई फक्त "बरं" म्हणाल्या. त्या झोपाळ्याच्या दिवसाबद्दल सासूसुनांमध्ये चार वर्षांत एक अवाक्षर निघालं नव्हतं.

बाकी बाबतींत नयनाताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना त्या विचारत, काय खावंसं वाटतंय? आणि नमिता रोज म्हणे, काही नाही. मागच्या वेळी तिला मेली चिंचसुद्धा गोड लागत होती. या वेळी जिभेने जणू संपच पुकारला होता. पुढ्यात येईल ते ती औषधासारखं खाई. नयनाताईंना याचा मनस्वी संताप येई, पण अंथरुणातल्या सुनेवर ओरडता येत नाही म्हणून तो त्या भांड्यांवर काढत.

जुलैतल्या एका दुपारी मात्र नमिताच्या तोंडून निसटलं. नयनाताई तिचे पाय चेपत होत्या आणि विचारायचं म्हणून विचारत होत्या. नमिता म्हणाली, खायचं काही नाही हो आई, पण कुठंतरी पाण्याच्या काठी जाऊन बसावंसं वाटतं. पाय पाण्यात सोडून, काही न करता. मग तीच हसली. बाहेर सेहेचाळीस तापमान होतं. ॲस्पायर पार्कचं तळं घरापासून हाकेच्या अंतरावर, हिवाळ्यात ती आणि गंधार रोज तिथं फिरायला जात, पण आत्ता तिथली बदकंसुद्धा झुडपाबाहेर येत नसतील.

नयनाताई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे पाण्याचं तुला कुठून सुचलं? तेव्हा नमिताने चित्राबद्दल सांगितलं.

ती ज्या क्लिनिकमध्ये सोनोग्राफीला जायची, तिथल्या खोलीत तपासणीच्या टेबलासमोर स्क्रीन होता आणि स्क्रीनच्या शेजारी भिंतीवर एक मोठं चित्र होतं. परदेशातली कुठलीतरी नदी, उन्हाळ्यातली सुट्टीची दुपार. काठावरच्या गवतात लोक पसरलेले. एक बाई पिवळी छत्री घेऊन उभी, एक माणूस तोंडावर हॅट ठेवून घोरत पडलेला, एक कुत्रा, पलीकडे पांढऱ्या शिडाच्या होड्या, आणि अगदी पुढ्यात एक लाल नाव, तिच्यात एकटीच बसलेली बाई. रंग असे की पाणी निळं म्हणावं तर त्यात केशरी, गवत हिरवं म्हणावं तर त्यात जांभळं. नमिताला स्क्रीनकडे बघवत नसे. मागच्या वेळी स्क्रीनवर बघत असतानाच तिला कळलं होतं. म्हणून या वेळी पोटावर तो थंडगार जेल पडला की ती मान वळवून चित्राकडे बघे आणि सोनोग्राफर "ऑल गुड" म्हणेपर्यंत छत्रीवाल्या बाईला सोडत नसे. पाच महिन्यांत तिने त्या स्क्रीनकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं. कुत्र्याच्या शेपटीवर किती रंग आहेत ते मात्र तिला पाठ होतं.

पुढच्या तपासणीला नयनाताई हट्टाने बरोबर गेल्या. खोलीत शिरताच त्यांनी चष्मा पुसला, सरळ चित्रापाशी गेल्या आणि नाक लावून बघायला लागल्या. मग आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत त्यांनी त्या बिचाऱ्या फिलिपिनो सोनोग्राफरला समजावून सांगितलं, की हा चित्रकार रंग कालवत नाही. तो निळ्याशेजारी केशरी ठिपका ठेवतो आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो. दृक्‌प्रत्ययवादाच्या नंतरची शैली आहे ही, असंही त्या म्हणाल्या, आणि ते मात्र मराठीतच म्हणाल्या. सोनोग्राफरने आदराने मान हलवली. नयनाताईंनी फोनवर चित्राचे फोटो काढले, आधी सगळ्याचा, मग तुकड्यातुकड्यांचा. नमिताला वाटलं, चला, सासूबाईंना विरंगुळा मिळाला.

विरंगुळ्याने दोन दिवसांत हॉल व्यापला. कॅनव्हास कुठून आणायचा हा प्रश्न बिलकिसभाभींनी सोडवला. बिलकिसभाभी खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या दापोलीकडच्या. त्यांचे यजमान जाफरभाई हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होते, आणि एखादा डाग पडला म्हणून बाद झालेल्या पांढऱ्याशुभ्र, भल्याथोरल्या चादरी त्यांच्या घरात बोहारणीला पुरून उरतील इतक्या होत्या. नमिता अंथरुणाला लागल्यापासून बिलकिसभाभींचा दिवसातून एक फेरा व्हायचाच. कधी डबा, कधी नुसत्याच गप्पा. नयनाताई येण्याआधीचे दोन आठवडे तर त्यांनीच नमिताला न्हाऊमाखू घातलं होतं आणि आभार मानायला गेल्यावर दटावलं होतं.

हॉलमध्ये जमिनीवर चादरी अंथरून नयनाताई गुडघे मोडून बसत. ठिपके द्यायला ब्रश पुरेना, म्हणून कान कोरायच्या कापसाच्या काड्यांचे डबेच्या डबे आणवले. दुपारची नमाज आटोपली की बिलकिसभाभी वर येत आणि त्याही एक काडी घेऊन बसत. नमिताला पलंगावरून अर्ध्या उघड्या दारातून फक्त एक पट्टा दिसे. कधी नुसतं निळं, कधी गवताचा तुकडा, कधी दोघींची पाठ. पण ऐकू सगळं येई. नयनाताई पाणी रंगवायला लावताना बिलकिसभाभींना वर्गात उभं केल्यासारखं रागवत आणि बिलकिसभाभी म्हणत, मास्तरीणबाय, मी खाडीच्या काठी वाढलंय, पाण्याचा रंग मला नको शिकवू. संध्याकाळी गंधार आला की तोही प्लँटचं कव्हरॉल न उतरवताच बसून चार ठिपके देई. गेल्या कित्येक महिन्यांत घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता, आणि नमिताला तो आवडत होता. ऐकता ऐकता तिला दुपारची झोप लागायला लागली.

अशाच एका दुपारी तिचा डोळा लागलाय असं समजून बिलकिसभाभींनी हलक्या आवाजात विचारलं, "ओटीला इथला सुपरमार्केटचा नारल चालल काय? त्याला शेंडीच नसते."

नमिताचे डोळे खाडकन उघडले. तिला एका क्षणात सगळं कळलं. डोहाळजेवण झोपाळ्यातलं असतं, बागेतलं असतं, चांदण्यातलं असतं, आणि नावेतलंही असतं. नदी का रंगवली जात होती, तेही कळलं आणि आपल्याला कुणी काही का सांगत नव्हतं, तेही. तिने हाक मारली. नयनाताई हातात निळ्या बोळ्याची काडी घेऊन दारात आल्या.

"आई, नावेतलं डोहाळजेवण करताय ना?"

नयनाताई खोटं बोलल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या.

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

यानंतर काहीतरी मोठं होणार असं नमिताला वाटलं होतं. तिने तयारीही केली होती. पण नयनाताई वळल्या, हॉलमध्ये गेल्या, आणि तिला चादरी गुंडाळल्याचा आवाज आला. बिलकिसभाभी जाताना दारातून नुसतं बघून गेल्या. संध्याकाळी जेवण वेळेवर आलं, पाय चेपून झाले, सगळं झालं, फक्त नयनाताई बोलेनात. भांडणाऱ्या सासूला तोंड देता येतं. गप्प बसलेल्या सासूचं काय करायचं ते नमिताला कळेना. गंधारची अवस्था मृदंगासारखी, दोन्हीकडून थापा. तो आईकडे जाऊन म्हणे, तिचं चुकलं, आणि बायकोकडे येऊन म्हणे, आईचं चुकलं, आणि दोघीही त्याला गप्प बस म्हणत.

नमिताला रात्री वाईट वाटे, पण माघार घ्यायला ती धजत नसे. आपण एकदा हसलो की संपलं, हे तिच्या मनाने पक्कं धरलं होतं. आणि त्याच वेळी पोटात एक गोष्ट सुरू झाली होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. मधूनच आत टिक्, टिक्, टिक् असं एका लयीत काहीतरी व्हायचं. ते लाथ मारणं नव्हतं. ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. ती घामाघूम होऊन ते थांबायची वाट बघे.

पुढची तपासणी आली. गंधारने रजा घेतली, नयनाताईही न बोलता गाडीत बसल्या. नमिता टेबलावर आडवी झाली, सोनोग्राफरने जेल लावलं, आणि नमिताने सवयीने मान वळवली.

भिंतीवर चित्र नव्हतं.

तिथं एक फिकट चौकोन होता आणि स्क्रूची दोन भोकं. सोनोग्राफर म्हणाली, खोली रंगवायला काढली आहे, म्हणून सगळी चित्रं उतरवली. मलाही चुकल्यासारखं होतंय. नमिताने त्या फिकट चौकोनाला नजर चिकटवायचा प्रयत्न केला. पण नुसत्या भिंतीला धरून ठेवायला काही नसतं. ना छत्री, ना कुत्रा. नेमकं तेव्हाच पोटात ते टिक् टिक् सुरू झालं, ती दचकली, आणि तिची नजर घसरली ती थेट स्क्रीनवर.

तिथं एक नाक होतं. नाकाखाली ओठ, छातीशी घेतलेली मूठ, आणि ती मूठ उघडून पुन्हा मिटली. दर टिक्‌ला ती सगळी छोटीशी आकृती जागच्या जागी उसळत होती.

"हे काय होतंय?" नमिताने विचारलं.

सोनोग्राफर हसली. हिकप्स, ती म्हणाली. बाळाला उचकी लागलीय. एकदम छान लक्षण आहे.

"उचकी?" नयनाताई मागून सवयीने बोलून गेल्या. "कुणीतरी आठवण काढत असेल त्याची." आणि लगेच त्यांनी जीभ चावली, कारण घरातला नियम त्यांना आठवला.

नमिता स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मी काढते, आई. दिवसभर."

गंधारने कोपऱ्यातल्या टिश्यूच्या डब्यातून एक कागद बायकोच्या पोटाचं जेल पुसायला घेतला आणि स्वतःचे डोळे पुसले. नमिताला रडू आलं नाही. तिला नवल वाटत होतं. इतके दिवस ज्याला ती घाबरून पडली होती, ते एक उचकी लागलेलं पोर होतं, आणि त्याचं नाक हुबेहूब गंधारचं होतं. ज्या कुणाला खोली रंगवायची बुद्धी झाली, त्याचे तिने मनोमन पाय धरले.

घरी येऊन पलंगावर टेकल्याबरोबर तिने विचारलं, चादरी कुठे आहेत? नयनाताई म्हणाल्या, माळ्यावर. काढा, नमिता म्हणाली, आणि भिंतीला लावा. शेंडीचा नारळ केरळच्या माणसाच्या दुकानात मिळतो, असंही तिने सांगितलं. नयनाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, बरं म्हणाल्या, आणि खुर्चीवर चढून स्वतःच माळा उघडायला लागल्या. गंधारने त्यांना ओरडून खाली उतरवलं.

समारंभ सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी ठरला. घरमालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही अशी तंबी दिलेली, तेव्हा चादरी टांगायचं काम गंधारने अंगावर घेतलं आणि प्लँटवर मचाण बांधतात तशा गांभीर्याने सकाळभर ते केलं. चिकटणारे हुक, दोऱ्या, क्लिपा. खाली धर, वर घे, लेव्हल बघ. जाफरभाई दारापर्यंत येऊन आणखी दोन चादरी आणि पाटीभर ओल्या खजुरांचे घड देऊन गेले. शहराबाहेरच्या उम्म सलालच्या शेतावरचा नुकता उतरवलेला खजूर होता. बिलकिसभाभींनी पहाटे उठून नारळाच्या दुधातली सांदणं केली होती. इमारतीतल्या, सुट्टीला गावी न गेलेल्या तीन-चार मराठी बायका एकेक पदार्थ घेऊन आल्या. मोगऱ्याचे गजरे इंडियन ग्रोसरीतून आणले, आणि बिलकिसभाभींनी दोन तासांत त्यांचा मुकुट, बाजूबंद, सगळं गुंफलं. आमच्यात पण सातव्यात ओटी भरतात गो, मला काय शिकवायला नको, असं त्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या.

नमिता पलंगावर उशांना टेकून बघत होती. एकेक चादर वर जात होती आणि खोलीतली भिंत नाहीशी होत होती. पहिल्यांदा आकाश आलं, मग पलीकडचा काठ, मग होड्या. जवळून बघितलं तर नुसता ठिपक्यांचा पसारा. पण ती पलंगावरून हलू शकत नव्हती, आणि पलंगावरून ते पाणी अक्षरशः हलत होतं. तिन्ही बाजूंनी नदी झाली. पिवळ्या छत्रीची बाई होती, कुत्रा होता. तोंडावर हॅट घेऊन झोपलेला माणूस होता, पण त्याच्या अंगात निळं कव्हरॉल होतं आणि हॅटच्या जागी प्लँटचं पांढरं हेल्मेट. गवतात डबा उघडून बसलेली डोईवर ओढणीची एक बाई मूळ चित्रात नव्हतीच. चेहरे कुणालाच नव्हते, ठिपक्यांत चेहरे मावत नाहीत. तरी कोण कोण ते विचारावं लागलं नाही. नमिता हसली. हसताना तिला भीती वाटली नाही, आणि हे तिच्या थोड्या वेळाने लक्षात आलं.

जाफरभाईंच्या शेवटच्या दोन चादरी पलंगाच्या पायांपासून जमिनीवर पसरल्या. त्यांवरचं पाणी नुकतंच रंगवलेलं, इतकं ताजं की रंगाचा वास येत होता. तेव्हा नमिताला जाणवलं, की चित्रात काहीतरी कमी आहे.

"आई, लाल नाव कुठाय? ती पुढे होती, बाईवाली. ती काढायची राहिली का?"

नयनाताई कुंकवाचा करंडा उघडत होत्या. त्या म्हणाल्या, "राहिली नाही. पहिल्या दिवसापासून सोडलीच होती."

"का?"

"तीन महिने तू कशात बसली आहेस असं तुला वाटतंय?" नयनाताई म्हणाल्या. "नाव तूच चालवते आहेस, बाई. आम्ही नुसतं पाणी रंगवलं."

नमिताने खाली पाहिलं. पलंगावर तांबडी चादर होती. सकाळी बिलकिसभाभींनी बदलली तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. चहूकडे पाणी, मध्ये ती. जो पलंग तिला तीन महिने तुरुंग वाटत होता, तो मोडून बाहेर पडायच्या दिवसाचे ती हिशेब करत होती. आणि या बायका बाहेर हॉलमध्ये गुडघे मोडून, कापसाच्या काडीने, एकेक ठिपका देत तिच्याभोवती नदी आणत होत्या. तिने नको म्हटल्यावर त्यांनी ती गुंडाळून ठेवली, आणि हवी म्हटल्यावर पुन्हा उलगडली. तिला सगळ्यांबद्दल माया दाटून आली.

ओटी भरायला पहिल्या नयनाताई आल्या. पदर पसरायला नमिताला उठता येईना, म्हणून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. कुंकू लावलं, शेंडीचा नारळ पदरात ठेवला, आणि तांदळाची ओंजळ भरून घेतली. ओंजळ पदरावर धरून त्या पुढचं विसरल्यासारख्या थांबल्या. आपली आपल्यालाच लाज वाटून त्या म्हणाल्या, वय झालं. पण नमिताला ते वयाचं वाटलं नाही. या बाईने चार वर्षं काय उराशी धरलं असेल, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. तिने स्वतः त्या दिवसाला दोषी ठरवलं होतं. पण तो दिवस कुणी केला होता, आणि ती व्यक्ती रोज रात्री कशी झोपत असेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

तिने सासूबाईंचं मनगट धरलं. तांदूळ ओंजळीतच राहिले.

"आई, तेव्हा तुम्ही केलंत ना, झोपाळ्यावरचं. ते बरं केलंत."

नयनाताईंनी मान वर केली.

"त्या बाळाच्या वाट्याला अख्ख्या जन्मात एकच सण आला," नमिता म्हणाली. "तो तुम्ही केलात म्हणून आला. नसतात केला, तर त्याला तेवढाही मिळाला नसता. हे मला तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं."

नयनाताईंच्या ओंजळीतून तांदूळ सांडले. काही नमिताच्या पदरात, काही जमिनीवरच्या ओल्या निळ्या रंगात. आयुष्यभर वर्गाला दरडावलेली ती बाई सुनेच्या खांद्यावर डोकं टेकवून चार वर्षांचं सगळं रडली. नमिता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बिलकिसभाभींनी बाकीच्या बायकांना खुणेने थांबवलं, स्वतःच्या ओढणीने डोळे पुसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन सांदणं गरम करायला ठेवली.